जीव दिला म्हणतात

आमच्या गावाच्या तोंडाशी कमान आहे. सिमेंटची, वर दोन बंदुका, मधे माझ्या नवऱ्याचा फोटो. रहिमतपूरकडून येणारी एसटी तिच्याखालून आत येते. फोटोखाली लिहिलंय, ‘देशासाठी जीव दिला’. पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला मला पहिल्या रांगेत खुर्ची असते, नारळ-शाल असते, आणि आमच्या गावचा पुढारी माईक हातात धरून सांगतो की आमच्या जवानानं छातीवर गोळ्या झेलल्या. कुठल्या गोळ्या, बाबा? वर पहाडात रेशन घेऊन चालले होते, बर्फावरून गाडी घसरली आणि दरीत गेली. त्यांच्याच पलटणीतला माणूस घरी येऊन, माझ्यासमोर बसून हे सांगून गेला. माणूस कामावर होता आणि कामावर गेला, मला तेवढं पुरत होतं. त्याला गोळ्या चिकटवायची हौस गावाला. मी एकदा बोलून बघितलं, तर पुढारी म्हणाला, “वैनी, आसं बोलू ने. गावाची शोभा जाती.”

ही शोभा काय चीज असते ते मला पुढं चांगलं कळलं. कारण ह्याच गावानं आणखी एका माणसाबद्दल ‘जीव दिला’ असं म्हटलं, आणि अजून म्हणतात. ते आमचे फादर. त्यांना गावविहिरीत मारलं. मी काठावर उभी होते, मी बघितलं, आणि ज्यानं विचारलं त्याला सांगितलं. विचारणारेच फार नव्हते.

फादर वसईकडचे, समुद्रकाठच्या कोळ्याचं पोर. आमच्याकडं यायच्या आधी सांगलीत होते. माझं माहेर त्याच बाजूचं, त्यामुळं पहिल्या दिवशीच सूर जुळला. साधी पँट, बाहेर सोडलेला बुशशर्ट, बुडाखाली जुनाट मोपेड. ती चढाला लागली की तेच खाली उतरून तिला ढकलत न्यायचे. गावाला वाटलं कारखान्याचा कुणी क्लार्क असावा. मग कळलं पादरी आहे, तेव्हा दोनचार दिवस बाया पोरांना दारातून आत ओढायच्या. पुढं तीच पोरं त्यांच्या मोपेडवर मागंपुढं लोंबकळत फिरायला लागली.

ते आले होते ऊसतोड्यांच्या पोरांसाठी. मराठवाड्यातून टोळ्या येतात, आईबाप पहाटे उसात, पोरं पाचटात लोळत दिवसभर. फादरांनी कॅनॉलच्या कडेला पत्र्याची शेड घातली आणि ह्या पोरांना जेवणखाण, अंघोळ, पाढे सुरू केले. माझी अंगणवाडी शेजारीच. मी माझा खाऊ शिजवायची, ते त्यांची खिचडी शिजवायचे, आणि मीठ कुणाचं संपलंय यावरून आमची रोज कटकट. मराठी इतकं साफ बोलायचे की आमची पोरं त्यांच्या ‘ण’ची नक्कल करायची. भाकरी आणि खर्डा दिला की डोळ्यांतून पाणी यायचं, नाक पुसायचे आणि म्हणायचे, “बाई, आणखी एक.” रविवारी कारखान्यावरची पाचसहा ख्रिस्ती घरं शेडमध्ये यायची, त्यांच्यासाठी मिस्सा, म्हणजे त्यांची रविवारची प्रार्थना, करायचे. तेवढ्यापुरता पांढरा झगा अंगावर. बाकी आठवडाभर तो झगा खुंटीला.

मी तोंडाची फटकळ आहे. एकदा अंगणवाडीच्या ओट्यावर गावातली चार माणसं बसली असताना मी सरळ विचारलं, “फादर, आतापतुर किती बाटवली?” फादर हसायला लागले. म्हणाले, “बाई, आमच्या पूर्वजांच्या विहिरीत कुणी पाव टाकला, असं तुम्ही सगळे म्हणता. म्हणून मी फादर झालो. पण आता पाव महाग झालाय हो. तुमची विहीर एवढी मोठी, तिला पुरवायला बेकरी घालावी लागेल.” ओट्यावरची माणसं पोट धरून हसली. पुढारीही होता, तोही हसला, मांडीवर थाप मारून हसला. विहिरीत पावाचा तुकडा टाकला, गावानं ते पाणी पिलं आणि गाव बाटलं, ही गोष्ट आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. ती अशी स्वतःवरच सांगणारा माणूस लोकांना लय आवडला. त्या दिवशी तरी.

मग कावीळ आली. आधी टोळीतली पोरं पिवळी पडली, मग गावातली. पाणी सगळ्यांचं एकाच विहिरीचं. विहिरीत टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची पावडर, टाकायचं काम ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाचं. तो कुठल्यातरी जत्रेला गेलेला, जाताना पावडरीचं पोतं माझ्या अंगणवाडीत टाकून गेला. सांगलीला महापूर आला तेव्हा फादरांनी हे काम केलेलं होतं. पावडर बादलीत कालवायची, गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी विहिरीत ओतायचं. रविवारी सकाळी मिस्सा आटपून ते तडक माझ्याकडं आले. झगा काढायलाही थांबले नाहीत, कारण आदल्या रात्रीच टोळीतल्या एका पोरीला सातारला न्यावं लागलं होतं. मी पावडर काढून दिली. हो, मीच दिली. आजही तशीच वेळ आली तर आजही देईन.

फादरांची एक सवय होती. चुलीवर पातेलं चढवायचं असो, मोपेडला किक मारायची असो, आधी कपाळावर, छातीवर, दोन्ही खांद्यांवर बोटं टेकवून ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटायचे. आमच्यातली माणसं देवाचं नाव घेऊन ट्रॅक्टर चालू करतात ना, तसं. त्यांनी काठावर उभं राहून तेच केलं आणि बादली ओतली. पलीकडच्या गच्चीवरून कुणीतरी मोबाइलवर ते धरलं. पांढरा झगा, हलणारे ओठ, विहिरीत पडणारं पांढरं पाणी. एवढंच. दुपारपर्यंत ते कोरेगावपासून मेढ्यापर्यंत फिरलं, आणि खाली लिहिलेलं, ‘आपली विहीर बाटवली’.

जेवणं उरकून लोक आले. आधी पोरं, कपाळावर गंधाची मोठी रेघ ओढलेली. रोज संध्याकाळी स्टँडवर उभं राहून वडापाव हाणणारी ही पोरं. त्या पावानं एकजण कधी बाटला नाही. मागून मोठी माणसं आली, त्यात ओट्यावर हसलेले चारही. मी म्हटलं, “आवं, टीसीएल हाय त्यो! पोतं माझ्या अंगणवाडीत पडलंय, या बघाय!” कोण बघतंय. पुढारी म्हणाला, “वैनी, त्यानं सवताच्या तोंडानं कबूल केलंतं. तुमच्याच ओट्यावर. पावाचं.” मला पहिल्यांदा वाटलं तो चेष्टा करतोय. त्याच्या तोंडाकडं बघितलं, तर हसू कुठंच नव्हतं.

फादर सकाळपासून आजारी पोरांच्या मागं, झगा अजून अंगावरच. त्यांना दंडाला धरून विहिरीवर आणलं. ते अजूनही समजावत होते. “अरे, पाव नाही रे, औषध आहे.” एकजण ओरडला, “मग उतर आन् दाव पाव न्हाई ते!” बाकीच्यांनी तेच धरलं. उतर, उतर. फादर म्हणाले, “बरं, उतरतो. रिकामे हात दाखवले की घरी जाल ना?” त्यांना खरंच वाटत होतं की घरी जातील. आपल्याच गावातली माणसं, रोजची. त्यांनी झगा डोक्यावरून काढला, नीट घडी केली आणि माझ्या हातात दिला. म्हणाले, “धरा बाई, आलोच.”

पायऱ्या उतरून ते पाण्यात गेले. ह्याच विहिरीत त्यांनी टोळीतल्या आणि गावातल्या पोरांना पोहायला शिकवलेलं. सूर मारून तळाशी गेले, वर आले, दोन्ही तळवे वर करून दाखवले. “बघा, काही नाही!” तेवढ्यात पहिला दगड पडला. कुणाचा ते मी शपथेवर सांगू शकत नाही, पण तो पायाखालून निसटलेला नव्हता. डोक्यावर बसला. ते खाली गेले, पुन्हा वर आले आणि खालच्या पायरीची कड दोन्ही हातांनी धरली. त्यांनी वर बघितलं. मग दगडांना धरबंद राहिला नाही. मी ओरडत होते, “मेला की रं माणूस! मेला की!” आणि माझ्या दोन्ही बाजूंनी माझ्याच आळीतल्या बायांनी मला धरून ठेवलेलं. हात सुटले त्यांचे पायरीवरून. त्यानंतर कुणाच्या तरी खिशात मोबाइल वाजला, तो सगळ्यांनी ऐकला. मग जो तो आपापल्या घरी गेला.

पोलिस आले तेव्हा सगळं गाव एका सुरात बोललं. पाय घसरला, पडताना कठड्याला डोकं आपटलं. मी जबाब दिला, होता तसा, एकेक गोष्ट. एका बाईचा जबाब एकीकडं आणि अख्खं गाव एकीकडं. पुढारी संध्याकाळी घरी आला, पाणी पिला आणि अगदी घरच्यासारखा म्हणाला, “वैनी, तुमी वीरपत्नी. तुमच्या तोंडी ह्ये शोभत न्हाई. आन् कमानीवर आपल्या माणसाचा फोटू हाय, इसरू नगा.” मी म्हटलं, “फोटू काढून न्या. पर मी बघितलं त्ये बघितलं.” फोटो काही काढला नाही. शोभा जाते ना. पुढं पुरावा नाही म्हणून सगळं मिटलं. विहिरीवर गोमूत्र शिंपडलं. त्या रविवारनंतर गावात नवी कावीळ झाली नाही, ह्याचं मात्र कुणाला काही वाटलं नाही. शेडमध्ये आता मंडळाचे डॉल्बीचे बॉक्स ठेवतात.

आणि मग गावाची एक अडचण झाली. फादर माशासारखे पोहायचे, हे सगळ्या पंचक्रोशीला माहीत. पाय घसरला म्हटलं की समोरचा विचारायचा, आन् मग वर का न्हाई आला? म्हणून हळूहळू गोष्ट बदलली. चावडीवर, दळणाला, लग्नात पंगतीत लोक म्हणायला लागले, त्यानं जीव दिला. पोरगी आजारी पडली, त्याचं मनाला लागलं असंल. एकटा माणूस, ना बायको ना पोर. ज्या बायांनी माझे दंड धरले होते त्याही हे म्हणतात, माझ्यासमोर म्हणतात, आणि मान हलवून “लय वंगाळ झालं” असं पुढं जोडतात. माझ्या डोक्याची शीर तडतडते.

साताऱ्याहून त्यांच्या जागी नवे फादर आले. भला माणूस, पण घाबरट. मी त्यांना विचारलं, “तुमच्यात धर्मापायी मारलेल्या माणसाला काय म्हणतात?” ते म्हणाले, “रक्तसाक्षी.” शब्द मला आवडला. रक्तानं साक्ष दिली तो. मी म्हटलं, “मग म्हणा की आमच्या फादरांना.” तर म्हणाले, “बाई, तसं म्हणायला चौकशी लागते, पुरावा लागतो. आणि आमची आणखी माणसं आहेत ह्या भागात, त्यांना राहायचंय.” रक्ताची साक्ष झाली, माझी साक्ष झाली, दोन्ही कुणाला चालली नाही.

गेल्या थंडीत ते नवे फादर जीप घेऊन माझ्या दाराशी आले. मागं एक म्हातारी बसलेली. गुडघ्यापर्यंत लुगडं, कानात जड सोनं, हातात जपमाळ. आमच्या फादरांची आई. इतकी वर्षं गुडघ्यांनी अडवून ठेवलेली, आता हट्ट करून आली. तिनं चहा घेतला नाही, बसलीही नाही. माझा हात धरून म्हणाली, “बाय, मना ती विहीर दाखव.” नवे फादर म्हणाले, मी इथंच थांबतो. खाली उतरलेही नाहीत.

विहीर आता कुणी वापरत नाही, नळ आलेत. कठड्यावर रुई वाढलीय. म्हातारी काठावर बसली आणि आत बघत राहिली. आत बघतच बोलली. “मना सगले सांगतान, पाय घसरला. मी काय वेडी हाय? माजा पोऱ्या चालायच्या आधी पोहला. वादळात होडी उलटली तवा बापाला पाठीवर घेऊन आला. तो पान्यात पडून मरायचा नाय. मंग तो वर का नाय आला? त्याला यायचंच नव्हतं, असंच ना?” तिनं जपमाळ मुठीत आवळली. “आमच्यात सवता जीव देनं म्हंजे लय मोठं पाप, बाय. मी रोज त्याच्यासाठी प्रार्थना करते, आन् रोज मना वाटते, माजी प्रार्थना त्याला पोचतच नसंल.”

माझ्या अंगातून आग निघाली. गावानं मारलं ते मारलं, वर खोटं सांगून ह्या बाईला इतकी वर्षं रोज जाळलं. मी तिच्यापुढं खाली बसले आणि सगळं सांगितलं. पाव, झगा, मोबाइल, पहिला दगड. नाव घेऊन सांगितलं कोण कोण होतं. तिनं एकदाही डोळे पुसले नाहीत. मधेच तिनं माझा दंड गच्च पकडला.

“पायरी धरली होती?”

“धरली होती, आई. दोन्ही हातांनी.”

“वर येत होता?”

“व्हय. वर येत होते. येऊ दिलं न्हाई.”

“उतरताना काय बोलला?”

“मला झगा दिला आन् म्हणाले, धरा बाई, आलोच.”

“आलोच म्हनाला?”

“आलोच म्हणाले.”

आणि ती म्हातारी हसली. तोंडात मोजके दात, डोळ्यांतून धारा, आणि हसत होती. माझ्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले, स्वतःच्या कानशिलावर कडाकड बोटं मोडली. “दिला नाय त्यानं,” म्हणाली, “दिला नाय. घेतला त्याचा.” पोराला दगडांनी मारलं हे ऐकून सुटका झाल्यासारखी हसणारी आई मी जन्मात बघितली नव्हती. देवानं पुन्हा दाखवू नये. ज्यांनी हे तिच्यावर आणलं, त्यांचं भलं होवो असं म्हणण्याइतकी मी मोठी नाही, फादर असते तर त्यांनी म्हटलं असतं.

पेटीतून काढून मी तिला तो झगा दिला. घडी त्यांनी घातलेलीच होती, मी मोडली नव्हती. तिनं तो छातीशी धरला आणि जीपमध्ये न बसता म्हणाली, मी चालत येते, कमानीपतुर ये माज्यासंगती. आम्ही सावकाश चालत गेलो. कमानीखाली ती थांबली, मान वर करून फोटो बघितला.

“ह्यो कोन?”

“माझा नवरा.”

तिला वाचता येत नव्हतं. “कसा गेला?” तिनं विचारलं.

माझ्या तोंडाशी ते पाठ झालेलं आलं, छातीवर, गोळ्या, देशासाठी. मग मी म्हटलं, “बर्फात गाडी घसरली, आई. दरीत पडले.”

ती फोटोकडं बघत राहिली. “त्याला पन वर यायचं असंल,” म्हणाली.

इतके नारळ झाले, इतक्या शाली झाल्या, एवढं एक वाक्य मला कुणी बोललं नव्हतं. नवरा गेला तेव्हा मी पोराबाळांसाठी, सासूसाठी, फोटो काढणाऱ्यांसाठी ताठ उभी राहिले होते. त्या दुपारी त्याच कमानीखाली मी त्या कोळणीच्या गळ्यात पडून मोठ्यानं रडले, जसं तेव्हा रडायला हवं होतं तसं. समोरच्या पारावर पुढारी आणि त्याची माणसं बसली होती. कुणी उठलं नाही, नुसते बघत होते. काठावर उभं राहून बघायची सवयच आहे त्यांना.